जलसंजीवनीचा धडा : आरोग्याची गोष्ट घरात कशी पोचते?

पावसाळा तोंडावर आला की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची घोषणा पुन्हा रंगवली जाते. एस.टी. स्टँडवर फलक लागतो, अंगणवाडीत तक्ता टांगला जातो, आशाताई लहान मुले असलेल्या घरी पाकिटे देऊन जातात. 'जुलाब झाले तर जलसंजीवनी द्या' हे वाक्य बहुतेक घरांच्या कानावरून गेलेले असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की देशात जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळाली. जस्ताची (झिंकची) गोळी तर फक्त ३१ टक्क्यांच्या आसपास मुलांना मिळाली. म्हणजे दहा आजारी मुलांतील चौघांच्या ओठाला ते पाणी लागलेच नाही.

पाकीट फुकट मिळते आणि पाण्यात विरघळवायला पाच मिनिटे पुरतात. मग अडते कुठे? माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत औषधाइतकेच महत्त्व प्रचाराला आणि लोकशिक्षणाला का आहे, हे या एका प्रश्नातून चांगले समजते. आजच्या लेखात तोच धडा पाहू.

पाणी तोडण्याची चूक

बाळाला दिवसातून दहा वेळा पातळ शौचास होऊ लागले, की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "पाणी देऊ नका, पाणी पोटात गेले की जुलाब वाढतात." वरवर पाहता हे खरे वाटते. पण जुलाबात मूल दगावते ते शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. गळक्या घागरीत पाणी घालणे थांबवले म्हणून गळती थांबत नाही, घागर मात्र लवकर रिकामी होते. तान्ह्या मुलाची घागर तर फारच लहान. काही तासांतच त्याचे डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, लघवी होत नाही आणि मूल मलूल पडते.

आतड्याला सूज असली तरी साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र गेले, तर साखरेच्या आधाराने मीठ शोषले जाते आणि त्याच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. जलसंजीवनीचे सारे शास्त्र एवढेच. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याच्या सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. बाटली नाही, सुई नाही. औषध पाजणारे हात घरच्या माणसांचे होते. डॉ. महालनबिस २०२२ साली निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

शोध लागला, पण खेड्यातील आईपर्यंत तो कोण नेणार?

मूठभर गूळ, चिमूटभर मीठ

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर बांगलादेशातच शोधले गेले. 'ब्रॅक' या तेथील स्वयंसेवी संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन आयांना शिकवण्याची मोहीम चालवली आणि सव्वा कोटीच्या आसपास घरे गाठली. खेड्यात पाकिटे मिळत नव्हती, म्हणून घरात असेल तेच वापरायचे ठरले. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. मोजमाप आईच्या हातातच होते.

शिकवणाऱ्या बाया पायी गावोगाव फिरत. त्या नुसते सांगून उठत नसत. आधी आपण करून दाखवीत, मग आईला स्वतःच्या हाताने करायला लावीत. खरी गंमत पुढे आहे. शिकवणारीला पगार किती घरे फिरली यावर मिळत नसे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस त्यांतील काही घरी जाई, त्या आईला प्रश्न विचारी आणि मिश्रण करायला सांगी. आईला जितके जास्त आठवे, तितका शिकवणारीचा मोबदला जास्त. वर्गात धडा शिकवून झाला म्हणजे मूल शिकले असे नव्हे, हे आपल्या शिक्षक वाचकांना सांगायला नको. आरोग्याच्या प्रचारात मात्र आपण अजून पत्रके किती वाटली, सभा किती झाल्या हेच मोजत बसतो.

सांगणारीला आधी पटले पाहिजे

या मोहिमेतही सुरुवातीला एक पेच आला. आयांना मिश्रण बरोबर करता येई, विचारले तर तोंडपाठ सांगता येई. पण मूल आजारी पडल्यावर ते वापरणाऱ्या थोड्याच होत्या. संस्थेने कारणे शोधली. पहिले कारण असे, की शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचाच या साध्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की ते गोळ्या-औषधांकडे धावत. मग त्यांना ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात नेऊन हे काम कसे करते ते समजावण्यात आले. ज्याने स्वतः पाहिले, त्याच्या बोलण्याला वजन येते.

दुसरे कारण पुरुष मंडळींचे. सगळे शिक्षण फक्त बायकांना दिले जात होते. नवऱ्याला आणि सासऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. घरात वाद झाला की आईचे काही चालत नसे. मग पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. मशिदीत, शाळेत आणि बाजारात हा विषय बोलला जाऊ लागला. रेडिओ आणि दूरदर्शन यांचीही जोड मिळाली. आज जुलाबात जलसंजीवनी वापरण्यात बांगलादेश जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो.

आपल्याकडे वेगळे काय आहे? पाकीट आणून देते आशाताई, ते घेते सूनबाई. पण रात्री दोन वाजता बाळाला काय द्यायचे हे ठरवतात सासूबाई, आणि दवाखान्यात न्यायला गाडी काढायची की नाही हे ठरवतात घरचे कर्ते पुरुष. म्हणून आरोग्यशिक्षण सुनेला एकटीला देऊन भागत नाही. एखादी हुशार आशाताई ओसरीवर बसून आधी आजीलाच विचारते, "आजी, तुमच्या वेळी ढाळ लागले की काय द्यायचात?" आजी म्हणते, "भाताची पेज, नाहीतर ताक." मग ती म्हणते, "बरोबर केलंत. पेज द्याच, दूधही तोडू नका. फक्त हे पाकीटही जोडीला घ्या, म्हणजे बाळाच्या अंगातलं पाणी टिकंल." आजीचा मान राहिला आणि मुद्दाही पोचला. "जुन्या बायकांना काही कळत नाही" अशी सुरुवात केली असती, तर पाकीट कोनाड्यातच राहिले असते.

खरे तेवढेच सांगा

प्रचाराची आणखी एक चूक म्हणजे वाढवून सांगणे. जलसंजीवनी दिली की जुलाब थांबतील, असे कोणी सांगितले तर आई दोन वाट्या पाजते, जुलाब चालूच राहतात आणि तिचा विश्वास उडतो. म्हणून स्पष्ट सांगावे, की जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही. ती मुलाला सुकू देत नाही. जुलाब बहुधा आपल्या क्रमाने काही दिवसांत थांबतात. जस्ताच्या गोळीने ते थोडे लवकर आवरतात आणि पुढील काही महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. हे आधी सांगितलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी आई घाबरत नाही.

भीती, अफवा आणि सक्ती

आपल्या देशातील सर्वांत गाजलेली आरोग्य-प्रचाराची मोहीम पोलिओची. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. 'दोन थेंब' हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसले. अमिताभ बच्चन यांच्यासारखे कलावंत दूरदर्शनवरून आवाहन करीत. तरीही २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. उत्तर प्रदेशाच्या काही भागांत लोक दार लावून घेत. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतील, अशी अफवा तेथे होती.

ही भीती आकाशातून पडलेली नव्हती. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या नावाखाली सक्तीने शस्त्रक्रिया झाल्या. त्याआधी लाल त्रिकोणाचा प्रचार देशभर झाला होता आणि लोक तो ऐकतही होते. पण सक्तीने ती कमाई घालवली. सरकारी माणूस दाराशी आला की जुनी आठवण जागी होई. सक्तीने एका वर्षाचे आकडे पुरे होतात, पण पुढच्या पिढीचा विश्वास जातो.

मग उत्तर प्रदेशात मार्ग बदलला. त्याच मोहल्ल्यातील बायकांना घरोघर जाण्यासाठी नेमले गेले. मशिदींतून लस घेण्याविषयी सांगितले जाऊ लागले, धर्मगुरू आणि डॉक्टर बरोबर येऊ लागले. लोक म्हणत, "तुम्ही फक्त पोलिओचे थेंब घेऊन येता, आमच्या गटाराचे काय, मुलांच्या जुलाबाचे काय?" तेव्हा अतिसार, स्वच्छता आणि इतर लसी यांचीही माहिती दिली जाऊ लागली. लसीकरणाचे नियोजनही अधिक काटेकोर झाले आणि लसही सुधारली. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. ताऱ्यांच्या आवाजाने माणूस दारापर्यंत येतो. दार उघडते ते ओळखीच्या आवाजाला.

दवाखान्यात पोचलो, पुढे काय?

प्रचाराने काय साधते आणि काय राहून जाते, याचे आणखी एक उदाहरण बाळंतपणाचे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आशाताई नेमल्या गेल्या, पुढे १०२ आणि १०८ क्रमांकाच्या गाड्या आल्या. २००५-०६ मध्ये देशात सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. मातामृत्यूही घटले. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३, तर केरळात १९ होता.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत, जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे फक्त ४२ टक्क्यांच्या आसपास होती. दहापैकी नऊ बाळे दवाखान्यात जन्मली, पण पहिल्या तासात छातीशी गेली ती चारच. 'दवाखान्यात चला' हा निरोप पोचला. 'पहिला चीक फेकू नका, मध-गुटी चाटवू नका, लगेच अंगावर पाजा' हा तितकासा पोचला नाही. पहिल्या निरोपामागे पैसा, गाडी आणि सोबत जाणारे माणूस होते. दुसऱ्यासाठी बाळंतिणीच्या खाटेजवळ बसून पाजायला मदत करणारे कोणीतरी हवे असते. भित्तिपत्रक बाळाला छातीशी धरायला शिकवू शकत नाही.

आपल्याच राज्यातील पुरावा

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेर पाहण्याची गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले आणि गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. पण गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावच्याच होत्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील 'आरोग्यदूत' स्त्री गर्भवतीच्या घरी जाऊन माहिती देई, बाळंतपणाला हजर राही, पुढे महिनाभर बाळ तपासायला येई, वजन करी आणि जंतुदोष ओळखून उपचारही करी. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, हा प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशाताई याच धर्तीवर घरभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्म झाल्यास पहिल्या दिवशी आणखी एक. आपल्या घरी बाळंतीण असेल तर या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि आशाताई आल्या नाहीत तर निरोप पाठवा. हा आपला हक्क आहे.

घरात लक्षात ठेवायचे

१. पाकीट नीट पाहा. सरकारी पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मि.लि. पाण्याची लहान पाकिटेही मिळतात. जेवढे लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पिण्याच्या पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असे करू नका.

२. केलेले पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.

३. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला द्या. चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा.

४. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नका.

५. जस्ताची गोळी १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरीही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मि.ग्रॅ., त्याहून मोठ्याला २० मि.ग्रॅ. आशाताई किंवा परिचारिका यांना विचारून घ्या.

६. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाल्यास धोका आहे, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा.

७. दुकानातील गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. योग्य प्रमाण नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

८. शौचात रक्त, सारख्या उलट्या, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, मूल मलूल किंवा पीत नसेल, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब झाले तर लगेच दाखवा. वाटेतही पाजत राहा.

गावात काय करता येईल?

महिला मंडळाची बैठक, बचत गट, शाळेतील पालकसभा, आठवडी बाजार, हरिनाम सप्ताह, डोहाळजेवण, बारसे ही सारी आरोग्यशिक्षणाची ठिकाणे आहेत. डोहाळजेवणाला चार बायका जमतात तेव्हा 'बाळंतपणाला कोणत्या दवाखान्यात जायचे, गाडी कोणाची, रक्त लागले तर कोण देणार, हाताशी पैसे किती' हे चार प्रश्न घरच्या सर्वांसमोर ठरवून टाकावेत. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, २०१६ पासून ही सोय आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती आदल्या दिवशी लिहावी. शाळेतील सातवी-आठवीच्या मुलामुलींना जलसंजीवनी करायला लावावी, कारण घरात धाकट्या भावंडाला सांभाळणारे तेच असतात. औषध दुकानदारांनी जुलाबासाठी गोळी मागणाऱ्याला आधी जलसंजीवनीचे पाकीट पुढे करावे आणि पाण्याचे माप तोंडी सांगावे.

कार्यक्रम झाला, फोटो निघाला, एवढ्यावर समाधान मानू नये. महिनाभराने त्याच वस्तीतील पाच घरी जाऊन तीनच प्रश्न विचारावेत : पाकीट किती पाण्यात घालायचे? जस्ताची गोळी किती दिवस? मुलाला कधी दवाखान्यात न्यायचे? पाचपैकी दोनच घरांत बरोबर उत्तर आले, तर त्या बायकांना दोष देऊ नये. सांगण्याची पद्धत बदलावी.

वाचकहो, प्रयोग आजच आपल्या घरापासून सुरू करा. जेवताना हे तीन प्रश्न आजी-आजोबांना, बाबांना आणि आईला विचारा. उत्तर चुकले तर वरची यादी मोठ्याने वाचा. मग हे कात्रण कापून जलसंजीवनीच्या दोन पाकिटांबरोबर अशा ठिकाणी ठेवा, जिथे रात्री दोन वाजताही कोणाचा हात पोचेल.